प्रक्षिप्त

हस्तलिखितातला मूळ पाठ कोणता आणि लेखनिकाच्या हातून शिरलेला कोणता, हे शिकवताना अलीकडे मला मंगळावरची माती आठवते. विद्यार्थी चकित होतात. मराठीच्या वर्गात मंगळ यायचा तो पत्रिकेतलाच!

१९७६ साली व्हायकिंग मोहिमेतली दोन याने मंगळावर उतरली. यांत्रिक हाताने उकरलेली माती त्यांनी इवल्या भट्टीत ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि निघालेले वायू तपासले. शोध सेंद्रिय द्रव्याचा होता. हाती लागली ती क्लोरोमिथेन व डायक्लोरोमिथेन यांची लेशमात्र चिन्हे. उपकरणे पृथ्वीवर धुतली तेव्हाच्या द्रावकांचे हे अवशेष असावेत, असा निर्णय झाला. आमच्या भाषेत, लेखनिकाचा प्रमाद.

२००८ साली फीनिक्स यान मंगळाच्या उत्तरेकडील मैदानात उतरले. त्याच्यापाशी चहाच्या कपाएवढी चार पात्रे होती. पृथ्वीवरून नेलेले पाणी, त्यात सुमारे एक घनसेंटिमीटर माती, आणि पात्राच्या भिंतींत बसवलेले निरनिराळ्या आयनांचे संवेदक. माती किंचित अल्कधर्मी निघाली. पण नायट्रेटसाठी ठेवलेल्या संवेदकाने असा प्रचंड संकेत दिला की, तो नायट्रेटचा मानावा तर त्याचे वजन मातीहून जास्त भरावे! तो संकेत परक्लोरेटचा होता; मातीत सुमारे अर्धा टक्का. हा क्षार तापला की सेंद्रिय द्रव्याला जाळून टाकतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आटाकामा वाळवंटातली माती परक्लोरेट मिसळून तापवली, तेव्हा व्हायकिंगला सापडलेली तीच दोन संयुगे बाहेर पडली. हा अर्थ सर्वांना मान्य नाही. पण १९७६ ची नोंद जशीच्या तशी जपलेली होती, म्हणून चौतीस वर्षांनी ती पुन्हा वाचता तरी आली.

मला बोचते ते इथेच. संशोधनाच्या दिवसांत एका पोथीत, मळ्याच्या वर्णनात, 'थारोळे' हा शब्द आला. मला तो रक्ताच्या संगतीतच ठाऊक. कोश उघडण्याचेही कष्ट न घेता, तळटीपसुद्धा न देता, मी तो पाठ 'सुधारला'. पुढे कितीतरी वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या गावी, पडीक विहिरीच्या काठावर, त्याच्या वडिलांनी मला दगडी खळगा दाखवला. मोटेचे पाणी पाटाला लागण्याआधी इथे पडायचे. "हे थारोळं, सर," ते म्हणाले.

प्रबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, माझ्या शब्दासह. पोथी ज्या घरातून पाहायला आणली होती, ते घर मात्र विकले गेले आणि माणसे कुठे गेली ते शेजाऱ्यांनाही सांगता आले नाही.