विस्मृतीचें औषध

परमेश्वरानें मनुष्यास ज्या देणग्या दिल्या आहेत, त्यांत स्मरणशक्तीचें मोल ती नाहींशी होऊं लागेपर्यंत सहसा कोणास कळत नाहीं. शाळेंतील धडा विसरला तर आपण तो पुन्हां घोकतों. परंतु वार्धक्यांत कांहीं लोकांस जी विस्मृति जडते, तींत घोकण्याचा उपाय चालत नाहीं. तो रोग आहे. त्यावर जीं औषधें मिळतात, त्यांजपासून कोणती आशा धरावी व कोणती धरूं नये, याविषयीं माझ्या वडिलांच्या दुखण्यांत मला जें कळलें, तें येथें लिहितों.

माझे वडील रेल्वेंत गार्ड होते. त्यांचें बालपण शिरूर येथें घोडनदीच्या कांठीं गेलें व नोकरी सारी दौंड जंक्शनावर झाली. २०१८ सालीं त्यांच्यांत फरक दिसूं लागला. सकाळचें जेवण ते दुपारीं विसरत. एकच प्रश्न दहा वेळां विचारीत. आणि स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकूं आली कीं, ड्यूटीची वेळ झाली म्हणून कोट चढवून दाराशीं उभे राहत. "घोडनदीची गाडी किती वाजतां?" असें त्यांनीं मला एकदां विचारलें. शिरूरास आगगाडी जात नाहीं, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? पण त्या दिवशीं तें ज्ञान त्यांजपाशीं नव्हतें.

पुण्याच्या डॉक्टरांनीं प्रथम औषध न देतां रक्त तपासलें. थायरॉइड मंद झाल्यानें, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानें, किंवा मनाच्या उदासीनतेनेंही अशीच विस्मृति येते, व ती पुष्कळदां सुधारतां येते. वडील सर्दीकरितां व झोपेकरितां दुकानांतून ज्या गोळ्या आणवीत, त्याही त्यांनीं बंद केल्या. कारण तसल्या कित्येक गोळ्या वृद्धांच्या स्मृतीस मारक असतात. इतकें करूनही फरक पडेना, तेव्हां मेंदूचें चित्र काढून अल्झायमर रोगाचें निदान करण्यांत आलें. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं तो प्रथम वर्णिला. भारतांत साठ व त्यांहून अधिक वयाचे सुमारें ८८ लक्ष लोक स्मृतिभ्रंशानें ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

मग डोनेपेझिल नांवाची गोळी सुरू झाली. अमेरिकेंत १९९६ सालीं तिला मान्यता मिळाली. मेंदूंतील पेशी एकमेकींस निरोप धाडण्याकरितां ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य वापरतात. या रोगांत तें कमी पडतें. ही गोळी उरलेलें द्रव्य लवकर मोडूं देत नाहीं. मरत चाललेल्या पेशी मात्र ती वांचवीत नाहीं. आरंभीं ५ मिलिग्रॅम व सहा आठवड्यांनीं १० मिलिग्रॅम असें प्रमाण होतें. पहिले कांहीं दिवस मळमळ झाली, अन्नावरील वासना उडाली व भयंकर स्वप्नें पडूं लागलीं. डॉक्टरांनीं गोळी रात्रींऐवजीं सकाळीं देण्यास सांगितलें, तेव्हां स्वप्नें थांबलीं. या औषधानें नाडी मंद होण्याचा संभव असल्यामुळें तीही वेळोवेळीं पाहिली जाई.

शेजारीपाजारी विचारीत, "गुण आला का?" खरें सांगावयाचें तर, गेलेली एकही आठवण परत आली नाहीं. परंतु सुमारें वर्षभर त्यांची स्थिति होती तशीच राहिली. त्या वर्षांत ते आपल्या हातानें जेवले; शिरूरच्या आत्याबाई आल्या तेव्हां त्यांस नांवानें हांक मारली, व नदीच्या पुराच्या गोष्टी तिन्हीसांजेपर्यंत बोलत बसले. एवढाच गुण, पण आम्हांस तो थोडा वाटला नाहीं. पुढें उतार पुन्हां लागला. मेमँटिन नांवाचें दुसरें औषध दिलें, त्यानें त्यांची तळमळ कांहींशी कमी झाली.

गाडीची शिटी मात्र वाजतच राहिली. वडील कोट घालून दाराशीं जात, तेव्हां आई त्यांस म्हणे, "आज तुम्हांला सुटी आहे." तें खोटेंही नव्हतें. मग ते शांतपणें कोट काढून खुर्चीवर बसत.

२०२२ सालीं ते प्रभूकडे गेले. शेवटचे सहा महिने त्यांनीं मला ओळखलें नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं हात मात्र जोडीत. त्यांच्या पश्चात्, २०२३ सालीं, लेकॅनेमॅब नांवाच्या औषधास अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळाली. तेंही रोगाच्या आरंभींच उपयोगी पडतें, रोगाची गति केवळ मंद करितें, व त्यानें मेंदूस सूज किंवा रक्तस्राव होण्याचें भय असल्यामुळें वारंवार तपासणी करावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं आजी-आजोबा तीच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगूं लागले तर हंसूं नका. वडील माणसांस सांगून त्यांस लवकर डॉक्टरांकडे नेववा. जाहिरातींतील स्मृतिवर्धक पाकांवर पैसा खर्चूं देऊं नका. दिलेली गोळी चुकवूं नका, आणि तिनें रोग नाहींसा झाला नाहीं म्हणून निराशही होऊं नका. आईबापांचा मान राखावा अशी जी आज्ञा आपणांस आहे, तींत त्यांनीं आपणांस ओळखलें पाहिजे, अशी अट घातलेली नाहीं.