टोपलीतला सण

'ह्यां'ची पोलंडला बदली झाली तेव्हा मी धास्ती घेतली होती ती थंडीची. थंडीला कोट मिळाला हो, पण सणावाराचं काय? २०२५ चा पाडवा क्राकोव्हच्या फ्लॅटमध्ये, गुढी पडद्याच्या दांडीला बांधून साजरा केला. शेजारून पुरणाचा वास नाही की हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. डोळ्यांत पाणीच आलं.

तीन आठवड्यांनी ईस्टर आला. खालच्या मजल्यावर ८७ वर्षांच्या एक आजी राहतात. त्यांनी दार वाजवून काय मागावं? कांद्याची टरफलं! आमची धाकटी शाळेत पोलिश शिकलेली, तीच आमची दुभाषी.

आजींच्या पातेल्यात टरफलं उकळत होती. करून बघायचं असेल तर सांगते. सात-आठ कांद्यांची कोरडी टरफलं पाण्यात अर्धा तास उकळा, गाळून गार करा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्यात अंडी दहा मिनिटं शिजवा. सुरेख विटकरी रंग चढतो. मग सुईने वरचा रंग खरवडून नक्षी काढायची. आजींनी फुलं काढली, धाकटीने कोयरी.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, टोपल्या घेऊन सगळे चर्चमध्ये जातात. वेताच्या टोपलीत पांढराशुभ्र रुमाल, त्यावर अंडी, पाव, मीठ, सॉसेज, नाकात झणझणणारं हॉर्सरॅडिशचं मूळ आणि लोण्याचं छोटंसं कोकरू. धर्मगुरू त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. रविवारच्या न्याहारीपर्यंत त्यातलं काही तोंडात टाकायचं नाही.

आजींनी धाकटीलाही एक टोपली दिली. माझं मन कचरलं. आपण न्यावी का? सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, अन्नावर देवाचं पाणी पडतंय, त्यात वावगं ते काय? ते सॉसेज तेवढं नको ठेवूस!" मग पाव, मीठ, कोयरीचं अंडं आणि एक बेसनाचा लाडू अशी आमची टोपली निघाली. ओळीने मांडलेल्या टोपल्या पाहून मला देवळातली नैवेद्याची ताटं आठवली.

रविवारी न्याहारीला आजींकडे गेलो. आशीर्वादाचं अंडं चिरून प्रत्येकाला एकेक फोड देतात आणि एकमेकांचं भलं चिंततात. मग झुरेक नावाचं आंबट सूप. राईचं पीठ पाण्यात भिजवून चार-पाच दिवस आंबवतात, त्याचं करतात. पहिल्याच घोटाला मी म्हटलं, "ही तर आमची आंबील!" आजींनी विचारलं, "आमची म्हणजे कुठली?" म्हटलं, "कोल्हापूरची."

आजींचा चमचा हातातच राहिला. "वळिवडे!" त्या म्हणाल्या.

१९४० साली रशियनांनी त्यांच्या कुटुंबाला सैबेरियात नेलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलंच. आजी तेव्हा पाच वर्षांच्या. त्यांची आई त्या उन्हातही कांद्याच्या टरफलांत अंडी रंगवायची. तान्हा भाऊ मात्र तिथेच गेला, कोल्हापुरात पुरला. "आई म्हणायची, त्याला ईस्टरचं अंडं कधी मिळालंच नाही," आजी हळूच म्हणाल्या. मी कोल्हापुरात वाढले, पण तिथे पोलिश कबरी आहेत हे मला माहीत नव्हतं. मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सोमवारी एकमेकांवर पाणी उडवायची चाल आहे, अगदी आपल्या रंगपंचमीसारखी, फक्त रंग नाही. जिन्यातच आजींनी पेलाभर पाणी माझ्या अंगावर ओतलं आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा शब्द काढला, "पाणी! पाणी!" मी नखशिखान्त भिजले. हसलो दोघी, रडलोही.

मे महिन्यात माहेरी गेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरींपाशी आईला घेऊन गेले. फुलं वाहिली आणि कांद्याच्या टरफलांत रंगवलेलं एक अंडं ठेवलं. आईने विचारलं, "कुणाचं गं हे?" म्हटलं, "शेजारच्या आजींच्या धाकट्या भावाचं."

आता कांदा चिरताना टरफलं मी टाकून देत नाही. एका डब्यात साठवते.