डाव्या हाताचा खेळ

पेटीवाल्याच्या डाव्या हाताकडे कोणी पाहत नाही. श्रोत्यांची नजर असते उजव्या हाताच्या बोटांवर. ती पट्ट्यांवरून कशी धावतात यावर वाहवा ठरते. डावा हात बिचारा मागे भाता हलवीत बसलेला! पण सूर जगतो तो त्याच्याच जिवावर. गवयाने आवाज बारीक केला की भाता किती आवरायचा, समेला किती भरायचा, हे सारे तो न सांगता जाणतो. चाळीस वर्षे मी साथ केली. एवढ्या काळात एकाही रसिकाने माझ्या डाव्या हाताची विचारपूस केल्याचे मला स्मरत नाही.

पुढे उजव्या हाताच्या बोटांत संधिवात शिरला आणि पेटीवर गवसणी चढली ती चढलीच. दोन वर्षे अशी गेल्यावर एके दिवशी भाच्याने माझ्यापुढे एक रुपेरी डबी ठेवली. टीबी-०३ तिचे नाव, जाडजूड पुस्तकाएवढी. वर फिरवायची बटणे, आत सोळा घरे.

“मामा, ह्यात वाजवायचं नसतं, पेरायचं असतं,” तो म्हणाला. “तुम्ही एकेक सूर टोकून द्या. पुढचं ते बघेल.”

टोकणीची शेती मला ठाऊक होती. टोकणीचे संगीत नवे होते. आधी नुसते सूर क्रमाने सांगायचे. मग काळ वेगळा सांगायचा: ह्या घरात सूर, ह्यात मागचाच सूर लांबलेला, ह्यात शांतता. आपल्याकडे सूर आणि लय एका पोटची भावंडे. इथे त्यांना दोन खोल्यांत निजवतात आणि सकाळी एकत्र उठवतात. गंमत अशी की सूर तेच ठेवून काळाची मांडणी तेवढी बदलली, तरी निराळीच बंदिश ऐकू येते.

ह्या डबीचे कुळ मोठे मौजेचे आहे. तिची मूळची थोरली बहीण टीबी-३०३. जपानच्या रोलंड कंपनीत तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ती घडवली. एकट्याने गिटार वाजवीत बसणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी, एवढाच हेतू. म्हणजे जन्मतःच साथीदार! मला तिच्याविषयी भाऊबंदकी वाटली ती यामुळेच. पण साथीदार म्हणून ती साफ नापास झाली. गिटारवाल्यांना तो आवाज पटेना, आणि १९८४ साली कंपनीने तिचे उत्पादन थांबवले. जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली, आणि शिकागोच्या काही तरुणांच्या हाती लागली. त्यांनी एकच सुरावट चालू ठेवली आणि ती चालू असताना बटणे पिळत राहिले. फ्यूचर या त्यांच्या संचाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ साली निघाली, आणि त्या आवाजावर नाचगाण्याचा एक पंथच उभा राहिला.

बटणे पिळणे म्हणजे काय, हे सांगायला हवे. मी त्यांना खुंट्याच म्हणतो. यंत्राचा मूळ सूर करवतीच्या दात्यांसारखा; त्यात वरचे स्वयंभू स्वर खच्चून भरलेले. ‘कटऑफ’ची खुंटी म्हणजे गाळणी. डावीकडे न्यावी तसे वरचे स्वर अडत जातात आणि सूर घोंगडी पांघरल्यासारखा घुमा होतो. उजवीकडे न्यावी तसा झळाळतो. ‘रेझोनन्स’ची खुंटी गाळणीच्या काठावरचेच स्वर फुगवते. ती चढवून ठेवा आणि मग गाळणी हळूहळू उघडा: नळाखाली कळशी भरत येताना आवाज जसा चढत जातो, तसे काहीतरी ऐकू येते. आणखी दोन खुंट्या आहेत: प्रत्येक सुराच्या आरंभी गाळणी किती उघडावी हे एक ठरवते, ती किती चटकन मिटावी हे दुसरी. चटकन मिटली की तार छेडल्यासारखे वाटते. रेंगाळली की कुणी हुंकार दिल्यासारखे. पहिल्या आठवड्यात आमच्या घरातून स्वयंपाकघराचा अभिप्राय आला: “त्याचं पोट दुखतंय का हो?”

अभिप्राय अगदीच चूक नव्हता. पण मला मात्र त्या खुंटीवर हात पडताच भाता आठवला. सूर आधीच पेरलेले. उजव्या हाताला कामच नाही. उरते ते श्वास देण्याघेण्याचे काम, आणि ते माझा डावा हात जाणतो.

सोळा घरे म्हणजे त्रितालच की! पण यंत्राच्या लेखी पहिले घर आणि नववे घर सारखेच. समेचा रुबाब नाही, खालीची हुरहूर नाही. मी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या घरावर आघात ठेवले, नऊ ते बारा बिनआघाताची सोडली, आणि नववे घर आले की डाव्या हाताने गाळणी मिटू लागलो. तबल्यात खालीला डग्गा गप्प होतो. इथे उलट वरची झळाळी जाते आणि खर्ज उरतो. तरी खाली ती खालीच. तेराव्याला गाळणी उघडली की सम समोरून येताना दिसते.

दुसरी गोष्ट मींडेची. मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत हटली नव्हती. आरोप खोटा नव्हता. गवई मध्यमावरून ओघळत षड्जावर आला की मी हात उचलून घेत असे; तिथे पट्ट्यांचे काय काम! ह्या डबीत ‘स्लाइड’ नावाची सोय आहे: एक सूर न तुटता पुढच्यात घसरतो. मालकंसाचे मध्यम, कोमल गांधार, षड्ज मी तसे जोडले आणि यंत्र सुरू केले. पेटीवर मला जन्मभर न मिळालेली ती जागा खोलीत वाजली, आणि मी कितीतरी वेळ ते बंदच केले नाही. अर्थात ही घसर एकाच मापाची. गवयाच्या मनाप्रमाणे लांबत नाही. दरबारीचा आंदोलित गांधार तिच्याकडे मागू नये.

हे धाडस माझ्या आधी मुंबईत झालेले होते. सिनेसंगीतात वादन करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच थोरल्या बहिणीवर, सोबत रोलंडचीच आणखी दोन यंत्रे घेऊन, दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. शिकागोच्या पाच वर्षे आधी. त्या वेळी तिची दखल कोणी घेतली नाही. २०१० साली एका डच संस्थेने ती पुन्हा काढली, तेव्हा जगाने कान टवकारले. २०१५ साली सिंग वारले. त्या ध्वनिमुद्रिकेतला डिस्कोचा अखंड ठोका मला रुचत नाही, हे सांगून टाकतो. पण ललत आणि तोडी ह्या डबीत पेरायला निघालेल्या माणसाला माझा नमस्कार आहे.

सध्या मी मारवा घालून पाहतो आहे. त्यात षड्ज लपवून ठेवायचा असतो. ऐकणाऱ्याला त्याची तहान लागली पाहिजे. सोळांतली नेमकी कोणती घरे रिकामी सोडावीत, हे अजून ठरत नाही. काल नऊ सोडली, फार झाली.