दहा गुंठे कोळसा

पांढरा धूर! मागच्या चाकाच्या वर, पेट्रोल भरायच्या नळीवरच्या एका गंजक्या ठिपक्यातून धुराची बारीक रेघ निघाली आणि मी न्यू जर्सीच्या त्या गॅरेजात चक्क ओरडले, ‘सापडलं!’ मेकॅनिक शांत. त्याचं ते रोजचंच काम. मला मात्र आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही.

झालं होतं एवढंच, की डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला होता आणि तो दिवा असताना इथली सरकारी तपासणी पास होत नाही. गाडी झकास पळत होती. स्कॅनर म्हणाला, पी 0442: पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत बारीकशी गळती. पेट्रोलची नव्हे हं, वाफेची! गाडी स्वतःच्या वाफेवर पाळत ठेवते, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत पेट्रोलची वाफ होतच राहते. पूर्वी ती सरळ हवेत जायची. लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं कोडं 1950 च्या सुमारास हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. पेट्रोलची वाफ, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि ऊन एकत्र आले की ओझोन तयार होतो. मग 1970 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि 1971 पासून सगळ्या अमेरिकेत गाड्यांना ही वाफ अडवून धरणं भाग पडलं.

आणि ती अडवतं कोण? कोळसा! गाडीच्या खाली किंवा बॉनेटमध्ये एक काळा प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याला म्हणतात कॅनिस्टर. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात, की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्याही वर जातो. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! वाफेचे रेणू त्या जमिनीवर चिकटून बसतात. पुढे इंजिन गरम झालं, की पर्ज व्हॉल्व्ह टिकटिक करत उघडतो, इंजिन त्या डब्यातून ताजी हवा ओढतं, चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनात जळून जाते. डबा पुन्हा मोकळा, आणि आपण पैसे मोजून घेतलेलं पेट्रोलही वाया गेलं नाही. कोळसा बदलायची भानगड सहसा येतच नाही.

पण खरी कमाल गळती शोधण्यात आहे. इथल्या कायद्याप्रमाणे गाडीने अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा स्वतःच ओळखायचं असतं. काही गाड्या हे कसं करतात ऐका. तुम्ही गाडी लावून घरी जाता, जेवता, झोपता. सुमारे पाच तासांनी गाडी स्वतःहून जागी होते. एक छोटा पंप आधी मुद्दाम ठेवलेल्या तेवढ्याच मापाच्या छिद्रातून हवा ओढतो आणि दाब किती उतरला ते नोंदवतो. मग तोच पंप टाकीला जोडला जातो. दाब आधीच्या आकड्याइतका खाली गेला नाही, तर कुठेतरी त्याहून मोठं भोक आहे! रात्री अंगणातल्या गाडीतून घुंईऽऽ असा आवाज येतो तो याचा. आमच्या शेजाऱ्यांना तो भुताटकीचा वाटायचा.

भोक आहे हे गाडी सांगते, पण कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून तो धूर. खनिज तेल तापवून केलेला दाट धूर अगदी हलक्या दाबाने नळ्यांत सोडायचा आणि टॉर्च घेऊन बघत बसायचं. माझ्या गाडीच्या नळीचा घात इथल्या हिवाळ्याने केला. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पसरतात, ते खालून पत्रा खातं.

कारखान्याकडच्या चाचणीचं वाचलं तेव्हा तर मी थक्क झाले. अख्खी गाडी एका हवाबंद खोलीत कोंडतात आणि दिवस-रात्रीसारखं तापमान चढवत-उतरवत खोलीच्या हवेत किती हायड्रोकार्बन जमलं ते मोजतात. नव्या टायरचा, रंगाचा, सीटचा वाससुद्धा त्या हिशेबात येतो! पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’ या वाहन-संशोधन संस्थेतही अशी चाचणी होते. भारतात पेट्रोल कारला एका चाचणीत 2 ग्रॅमची मुभा आहे. अमेरिकेत नव्या गाड्यांना साधारण 0.3 ग्रॅम. हा फरक मला खटकतो. ऊन आपल्याकडे जास्त आणि सूटही आपल्याकडेच जास्त!

आता एक विनंती. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, आपल्याकडच्यासारखा पंपवालाच भरतो. कुठेही असा, टाकी फुल करताना नोझल खट्‌कन बंद झालं की त्याला थांबवा. ‘राउंड फिगर कर’ म्हणून वर आणखी ओतलं, तर पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि कोळसा कायमचा निकामी होऊ शकतो. वीस-तीस रुपये सुटे घेऊन निघा.