मधला शनिवार

आमच्या घरी पलंगाखाली पत्र्याची एक पेटी आहे. दर वर्षी लेंट सुरू झाला की हे बाजारात जाऊन दहा डझन मेणबत्त्या आणीत आणि त्या पेटीत ठेवीत. ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कबरस्तानात जमते, अंधारातच उपासना होते आणि ज्याचे माणूस जिथे पुरले असेल तिथे तो मेणबत्ती लावतो. त्या मेणबत्त्यांची व्यवस्था तीस वर्षे यांच्याकडे होती. लवकर आणल्या नाहीत तर ऐनवेळी मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. प्रत्यक्षात तसे कधी झाल्याचे मला आठवत नाही.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे, रविवार सोडून मोजलेले चाळीस दिवस. त्यांची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. कॅथलिक मंडळी त्या दिवशी कपाळाला राख लावून घेतात. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. आम्ही मेथडिस्ट. आमच्यात राख नाही, पण मटण बंद, लग्नकार्ये बंद आणि संध्याकाळचे वाचन सुरू. ईस्टरचा हिशेब चंद्रावर असतो, त्यामुळे आमचा गुड फ्रायडे कधी होळीच्या मागोमाग येतो, तर कधी हनुमान जयंतीच्या आसपास. २०१९ साली तर दोन्ही एकाच दिवशी होते. आमच्या गल्लीत एकीकडे मारुतीचा प्रसाद वाटत होते आणि आम्ही पांढरे कपडे घालून, उपाशी पोटी, तीन तासांच्या उपासनेला निघालो होतो.

संध्याकाळच्या वाचनात बायबलबरोबर मी 'क्रिस्तपुराण' वाचीत असे. जन्मभर मराठी शिकवल्याची ती खोड. फादर स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी वाचायला काही हवे होते, म्हणून त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. १६१६ साली त्या छापल्या गेल्या त्या रोमन लिपीत. माझ्याजवळ आहे ती फादर द्रागो यांची १९९६ सालची देवनागरी प्रत. त्यात अध्यायाला 'अवस्वरु' म्हणतात. हे मूळचे बैलहोंगलकडचे, शिक्षण सगळे कन्नडात, मराठी माझ्या संगतीने आलेली. दर दोन ओव्यांना थांबवून अर्थ विचारीत आणि मग म्हणत, "चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाचं मराठी मला समजत नाही, म्हणजे तुझी शिकवणी फुकट गेली."

गुड फ्रायडेला आमच्याकडे वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, काही मराठीत, काही कन्नडात. चौथा उद्गार बहुधा यांच्या वाट्याला येई. देवाने आपल्याला का सोडले, असे येशू विचारतो तो उद्गार. बोलणारे बहुतेक जण त्या प्रश्नाचे काहीतरी उत्तर देऊन खाली बसतात. हे देत नसत. "तिथं उत्तर दिलेलं नाही, मग मी कोण देणार?" एवढे म्हणून कन्नडात छोटी प्रार्थना करीत आणि खाली उतरत. त्यावरून मंडळीत थोडी कुरकुरही होई. मलाही वाटे, लोक उन्हातान्हातून येतात, त्यांना काहीतरी धीराचे सांगावे.

२०२० साली पाडव्याच्या दिवशी टाळेबंदी सुरू झाली. २७ मार्चला, शुक्रवारी पहाटे, यांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर येण्याआधी सगळे आटोपले. करोना नव्हता, पण त्या दिवसांत कुणीही गेले तरी लोक आधी तेच विचारीत. मुलगा पुण्यात. राज्याची हद्द बंद. सगळे आयुष्य सीमाभागात गेले, दोन्ही बाजूंचे मोर्चे पाहिले, भाषणे ऐकली. पण हद्द म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. आम्ही नऊ होतो. पाळकसाहेबांनी वाचन केले. गाणे कुणीतरी सुरू केले, पण मास्कमधून ते कुणालाच ओढता आले नाही, आणि खालचा सूर धरणारा माणूस तर पेटीत होता. दुसरे कडवे कुणी घेतलेच नाही. कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप लागले आणि मी घरी आले.

तुमच्याकडे दहावे असते, तेरावे असते. दुःख त्या दिवशी संपते असे नाही, पण दिवस मोजायला तरी मिळतात. आमच्यात तसे काही नाही. फोन येत. देवाची इच्छा, ते प्रभूजवळ सुखात आहेत, तुम्ही रडू नका. चांगली माणसे होती ती. मीही असेच कितीजणांना सांगितले असेल. पण तेव्हा मला त्या प्रत्येकाचा राग आला. मी प्रार्थना करणे सोडले. बायबल कपाटात ठेवले. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लावायचे म्हणून गल्लीत मेणबत्त्यांची शोधाशोध झाली, दुकाने तर बंद. आमच्या पलंगाखाली दहा डझन आहेत हे शेजारच्या अक्कांना ठाऊक होते. त्यांनी कुंपणावरून विचारले. मी नाही म्हटले. तो झावळ्यांचा रविवार होता. मी अंधारात बसून राहिले.

अक्का लिंगायत, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्या दिवसांत रोज दुपारी भिंतीवर झाकलेले ताट ठेवून "बाई, ऊट आय्ता?" अशी हाक मारीत. दोन जोंधळ्याच्या भाकऱ्या, झुणका, कधी शेंगाची चटणी. माझे उत्तर ऐकायला थांबत नसत.

गुड फ्रायडेला पाळकसाहेबांनी सात उद्गार फोनवर पाठवले. मी ऐकले नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार. या शनिवाराकडे आमचे कधी लक्षच गेलेले नाही. शुक्रवारी रडायचे, रविवारी आनंद करायचा आणि शनिवारी कपड्यांना इस्त्री, मेणबत्त्यांची मोजणी, फुलांच्या परड्या. त्या वर्षी यातले काही नव्हते. दिवस नुसता पडून होता. दुपारी कपाटातून बायबल काढले ते भक्तीने नव्हे, दुसरे काही सुचेना म्हणून.

शनिवारबद्दल त्यात फार थोडे आहे. येशूला घाईने पुरले, दारावर धोंड लोटली आणि शब्बाथ लागला. ज्या बायका त्याच्याबरोबर गालीलातून आल्या होत्या त्या घरी बसून राहिल्या. देव काही बोलत नाही, देवदूत येत नाही. यांनी ज्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाकारले होते, त्याला शनिवारभर तिथेही उत्तर नाही. चाळीस वर्षे मी हा भाग वाचला होता आणि एवढा मोठा कोरा दिवस मला दिसला नव्हता.

मग रविवारी पहाटे त्या सुगंधी द्रव्ये घेऊन निघतात. त्या काही पुनरुत्थान बघायला निघालेल्या नाहीत. मेलेल्या माणसाचे राहिलेले करायला निघाल्या आहेत. मार्क सांगतो की वाटेत त्यांची एकच चिंता होती, ती जड धोंड बाजूला कोण करणार. उत्तर माहीत नसताना निघाल्या आणि चालत राहिल्या. आणि मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवट कुठे होतो, तर त्या बायका घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, इथे. पुढचा आनंदाचा भाग त्या प्रतींत नाही. माझ्या बायबलात याची लहानशी टीप आहे. ती मी त्या दिवशी पुन्हापुन्हा वाचली. पहिल्या ईस्टरच्या पहाटे ज्या तिथे होत्या त्यांनाही गाता आले नव्हते. मला एकदम मोकळे वाटले, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी मोठ्याने रडले. त्याला प्रार्थना म्हणायचे का, ते पाळकसाहेबांनी ठरवावे.

पहाटे चारला जाग आली. पेटी ओढली, एक मेणबत्ती काढली आणि परसात तुळशीमागच्या कट्ट्यावर लावली. (तुळस आमच्याकडे काढ्यासाठी.) अक्का सडा घालत होत्या. भिंतीशी येऊन म्हणाल्या, "आज काय हो बाई?"

मी सांगितले. अर्धे कन्नडात, अर्धे मराठीत. कबरेवर जायचा दिवस आहे, पण फाटकाला कुलूप आहे, ते कोण काढणार. बोलून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले, मी काय म्हणाले ते.

अक्कांना समजावून सांगावे लागले नाही. लिंगायतांतही पुरतात. गल्लीतल्या बाकीच्यांना माती देणे म्हणजे काय ते ऐकून माहीत. अक्कांचे मालक मातीत होते. त्या म्हणाल्या, "उघडतंय की कवातरी. आमच्याबी तिकडं जायला देईनात. आधी जायाचं ठरवून ठेवूया." आणि मेणबत्तीसाठी हात पुढे केला. दुसरी मेणबत्ती त्यांच्या बाजूला, भिंतीवर लागली.

जूनमध्ये टाळेबंदी सैल झाली तेव्हा आम्ही दोघी रिक्षाने गेलो. पाऊस भुरभुरत होता. माती खचली होती, वर बोटभर गवत. अक्कांनी मोगऱ्याचा गजरा आणला होता, तो त्यांनी उलगडून लांब पसरून ठेवला आणि सवयीने चिमूटभर माती कपाळाला लावली. मी आणलेली मेणबत्ती चार काड्या ओढल्या तरी लागेना. शेवटी तशीच मातीत रोवली. येताना माझ्या लक्षात आले की मी दुसरे कडवे गुणगुणते आहे, खालच्या सुरात, आणि तो मला अजिबात जमत नाही.

रिक्षात अक्कांनी विचारले, "तुमचं ते पहाटेचं, किती वाजता निघायला लागतंय?"

"साडेचारला."

"मग पुढच्या वर्षी मला साडेतीनलाच हाक मारा. गुडघे लवकर ऐकत नाहीत."