घाटमाथ्यावरचं पाणी

कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला चढ फारसा भेटत नाही. खाडीकाठची ही सपाट जमीन. इथली उंची म्हणजे स्टेशनवरचा पादचारी पूल, नाहीतर सोसायटीचा जिना. पण पाऊस ओसरून हवा धुतली गेली, की टिटवाळ्याच्या पुढे लोकलच्या दारातून पूर्वेला निळसर डोंगररांग दिसू लागते. तो सह्याद्रीचा घाटमाथा. त्याच्या पलीकडे, अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याचा जलाशय आहे आणि त्याच्या भोवतीनं जाणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा एक निवांत रस्ता आहे. आश्विन लागला की माझं मन त्या रस्त्यावर जातं आणि मागोमाग सायकलही.

लडाखच्या पँगाँगचं पाणी ४,२०० मीटरवर आहे. भंडारदऱ्याचं जेमतेम साडेसातशे मीटरवर. पण उंची कुठून मोजायची, हेही महत्त्वाचं. मी ती गांधारी पुलावरून मोजतो. पहाटे डोंबिवलीहून निघावं, कल्याण ओलांडावं आणि या पुलावर क्षणभर थांबावं. खाली उल्हास नदी. समुद्र इथून फार दूर नाही. इथून जो काही चढ असेल तो सगळा आपल्याच पायांनी चढायचा, हे त्या पुलावर नीट समजतं.

बापगाव, पडघा, मग नाशिकचा महामार्ग. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी: लोकलच्या इंडिकेटरवर वाचलेली ही नावं सायकलवरून एकेक करून भेटतात, तेव्हा त्यांच्यामध्ये किती भातशेती आहे ते कळतं. महामार्गावर निवांतपणा नाही. ट्रकांची रीघ असते, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत राहून पायडल मारत राहायचं. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत डोंगर पार करतात. सायकलीला त्या रस्त्यावर प्रवेश नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. बोगद्यातून गेलेल्या माणसाला डोंगर भेटत नाही. घाट कळायला तो चढावाच लागतो.

कसारा घाटात पहिल्या वळणानंतर मी सगळ्यात हलका गिअर टाकतो. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. मग चेनची बारीक करकर ऐकू येते. उतरणाऱ्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास नाकात शिरतो. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून सुटून फ्रेमवर पडतो आणि वाळला की तिथे मिठाचा पांढरा डाग राहतो. याच डोंगरातून रेल्वे १८६५ साली वर गेली. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. खाली कुठेतरी त्या इंजिनांचा घुमारा उठतो आणि आपलाही श्वास त्याच लयीत चालू आहे, असं जाणवतं. घाटनदेवीच्या देवळाशी चढ संपतो. हात जोडावेत, पाणी प्यावं. वारा बदललेला असतो. खालचा दमटपणा घाटाखालीच राहिलेला असतो.

घोटीला महामार्ग सुटतो आणि कोल्हारकडे जाणारा रस्ता लागतो. उजव्या हाताला कळसूबाई उभी राहते, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. बारी गाव मागे पडतं आणि दीडशेच्या आसपास किलोमीटर मोजून शेंडीला पोचावं तर दिवस कलत आलेला असतो. मुक्काम तिथेच.

खरी फेरी दुसऱ्या दिवशी उजाडताना सुरू होते. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरकडे निघावं. या दिशेनं गेलं की पाणी कायम डाव्या हाताला राहतं. आपण चालतोही डाव्या कडेनं, त्यामुळे रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये दुसरं कुणी येत नाही. कापणीला आलेली भातखाचरं थेट पाण्यापर्यंत उतरलेली असतात. बांधांवर सोनकी पिवळीधमक फुललेली, ओलसर कडेला तेरडा. पलीकडच्या काठावर रतनगड आणि त्याचा खुटा, उजवीकडे अलंग-मदन-कुलंगची कातळी त्रयी. समोरून एखादा दुधाचा कॅन लावलेला मोटारसायकलवाला येतो, शाळेला निघालेली पोरं हात हलवतात, बास. मध्ये बराच वेळ काहीच येत नाही. टायरखाली खडी चुरचुरते आणि आपणच आपल्याला ऐकू येतो.

शहरातल्या सायकलस्वाराला शांततेची सवय नसते. तिथे कान सतत मागे असतात, हॉर्नकडे. इथे ते हळूहळू पुढे येतात. आधी पाण्याची चुळबुळ ऐकू येते, मग गुरांच्या गळ्यातल्या घंटा, मग कुठल्या तरी वाडीतलं जात्याचं किंवा कुऱ्हाडीचं काम. माझ्या मते डोंगरातल्या सायकलप्रवासाचं मोठं देणं हेच आहे. वेग कमी होतो तसतसं जग जवळ येतं.

घाटघरला रस्ता कोकणकड्याशी जातो. इथला पाऊस इतका, की या गावाला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. कड्यावर सायकल टेकवून उभं राहिलं की पायाखाली सरळ ठाणे जिल्हा असतो. शहापूर तालुक्यातली जंगलं, चोंढ्याचा छोटा जलाशय आणि त्यापलीकडे धुरकट सपाटी. काल मी त्या सपाटीवरून निघालो होतो. या धारेवर पडलेल्या पावसाची वाटणी होते. पूर्वेचं पाणी प्रवरेला मिळतं, प्रवरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पश्चिमेचं पाणी कड्यावरून खाली झेपावतं, उल्हासच्या खोऱ्यात येतं आणि माझ्या खाडीजवळून अरबी समुद्राला जातं. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना उल्हासचंच पाणी येतं.

या कड्याच्या पोटात २००८ सालापासून एक वीजकेंद्र चालू आहे. वरच्या जलाशयातलं पाणी सुमारे ४०० मीटर खाली सोडायचं, १२५ मेगावॉटच्या दोन संचांवर वीज करायची आणि विजेची मागणी ओसरली की तेच पाणी खालून पुन्हा वर चढवायचं. घाटघर आणि चोंढे यांच्यामध्ये पाणी असं रोज ये-जा करतं. घाट चढून आलेल्या माणसाला ही ये-जा शरीरानं कळते. वर नेलेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी जोर लावून नेलेली असते, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

साम्रदवरून रतनवाडीकडे वळावं. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ आणि त्याची कोरीव पुष्करणी. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथूनच जलाशयात उतरते. पुढे कोलटेंभ्याकडे जाताना एका घराच्या पडवीत मी जेवायला थांबतो. तिथल्या आजींनी पहिल्यांदा विचारलं होतं, "एवढ्या लांबनं सायकलीवं? कुठनं आला?" मी म्हटलं, "डोंबिवलीहून, आजी." त्यांनी तांब्या पुढे केला. "मंग आधी पानी पी. माझा धाकला तिकडंच असतो, भिवंडीला, गोदामात." नागलीची गरम भाकरी, हुलग्याचं पिठलं, पाट्यावर वाटलेला ठेचा. भाकरी हातावर थापताना त्यांच्या बांगड्या मनगटावर वर-खाली होत होत्या आणि बोलणं एका लयीत चाललं होतं. पाऊस सरला, भात झोडून झालं, की वाडीतली निम्मी माणसं नारायणगावकडे मजुरीला जातात, असं त्या सांगत होत्या.

पडवीतून जलाशय दिसत होता. ११ टीएमसीचं हे पाणी. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली दगडी धरण पूर्ण झालं, ८२ मीटर उंच. त्याला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव दिलं गेलं. या पाण्यावर खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस उभा राहिला. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. पण कालवे धरणाच्या खाली निघतात. काठावरच्या बहुतेक वाड्यांची शेती आजही पावसाचीच, वर्षाला एक पीक. ज्यांच्या दारात पाणी आहे त्यांनाच पाऊस सरल्यावर गाव सोडावं लागतं. मोटारीनं धरणाच्या भिंतीवर येऊन फोटो काढून परतलं तर हे दिसत नाही. पडवीत भाकरीची वाट पाहत बसलं की दिसतं.

या डोंगराचं आणि ठाण्याचं नातं धरणाच्याही आधीचं आहे. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातला हा वीर सावकारांच्या आणि इंग्रजांच्या जुलमाविरुद्ध याच रानात, याच कड्याकपारींत लढला. त्यांना पंढरपुरात पकडलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतर पाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. तो दिवस आम्ही ठाणेकर मंडळी शाळेपासून पाठ म्हणतो. आधीचा दिवसही तितकाच आपला आहे. तो तुरुंग, ठाण्याचा जुना किल्ला, आजही शहराच्या मध्यावर उभा आहे आणि त्याच्या भिंतीलगत रोज हजारो वाहनं जातात.

म्हणून मला वाटतं, सायकल आपल्याला नुसतं निसर्गापाशी नेत नाही. ती आपल्या दाराशी सुरू होणारा आणि दुसऱ्याच्या दाराशी संपणारा रस्ता सलग दाखवते. भिवंडीचं गोदाम आणि कोलटेंभ्याची पडवी, उल्हासवरचा पूल आणि घाटघरचा कडा, ठाण्याचा तुरुंग आणि देवगावचं रान ही सगळी एकाच चढाची टोकं आहेत. मधला चढ वगळला, की ही टोकं सुटी सुटी दिसू लागतात.

अलीकडे या रस्त्यावर गर्दी वाढली आहे. मे महिन्याच्या अखेरीला हिरडा-बेहड्याच्या झाडांवर काजवे चमकू लागले, की शनिवार-रविवारी मोटारींच्या रांगा लागतात. काजवे प्रकाशाच्या खुणेनं जोडीदार शोधतात. हेडलाइटच्या झोतात ती खूण बुडून जाते. पाहायला आलेल्यांनीच पाहण्यासारखं काही उरू नये अशी वेळ आणू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

तेव्हा जमेल तर सायकलवर जा. एका दमात जमत नसेल तर कसाऱ्यापर्यंत टेम्पोत सायकल टाका, पण घाट तेवढा पायांनी चढा. शनिवार-रविवार टाळा. मुक्काम काठावरच्या गावात करा, भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्या, वेष्टनं आणि बाटल्या आपल्या पिशवीतून परत आणा. रात्री दिवा खाली धरा. आणि पुढच्या वेळी ठाण्यात कारागृहाच्या भिंतीजवळून जाल तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला राघोजी भांगरे कोण होते, ते सांगा.