टांगाईलची स्मृती, गच्चीवरून

26 जानेवारी 2022. दिल्लीतील एका गच्चीवर कॅमेरा घेऊन मी राफेलची नव्हे, डकोटाची वाट पाहत होतो. दोन्ही बाजूंना एकेक डॉर्नियर आणि मध्ये ते जुने विमान. या रचनेचे नाव 'टांगाईल'. 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलजवळ जे छत्रीधारी सैनिक उतरले ते 2 पॅराचे, म्हणजे मूळच्या 3 मराठा पलटणीचे. त्यांना नेणाऱ्या विमानांत डकोटाही होती. मराठी माणसाने मान वर करून पाहावे, याला एवढे कारण पुरे.

जेट विमानांसाठी शटर 1/2000 वर ठेवले होते. डकोटा आले तेव्हा ते 1/160 पर्यंत खाली आणायचे भान राहिले नाही. पंखे गोठले. छायाचित्रात विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते!

अंगावरचा व्हीपी 905 हा क्रमांक मात्र स्पष्ट आला. 27 ऑक्टोबर 1947 रोजी सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. हे विमान ते नव्हे. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन 2018 साली भारतात आलेल्या दुसऱ्या डकोटावर तो सन्मानार्थ रंगवला आहे. एका मित्राने माझे चित्र 'काश्मीर वाचवणारे हेच ते विमान' अशा ओळीसह पुढे धाडले. मी त्याला ती ओळ काढायला सांगितली. तो रुसला. चित्र त्या ओळीसह अजून फिरते आहे.